सुईचा आस

घड्याळजींचे डोळे गेले तेव्हा दुकानाला कुलूप लागणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. एकुलत्या एका मुलाला या कामात कधी गोडी नव्हती. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले आठ-दहा दिवस घरी असायचा आणि ‘चाकंच सांभाळायची तर डोळ्यांना दिसतील एवढी तरी असावीत’ असं म्हणायचा. शेवटी कामाच्या टेबलाशी बसली ती सून. लग्नाआधी ती एका शाळेच्या कचेरीत टंकलेखन करायची. स्क्रू कुठल्या बाजूला पिळला की सुटतो, हेही तिला विचारून घ्यावं लागलं होतं. सासऱ्यांनी तिला अकरा वर्षं शिकवलं, म्हणजे अकरा वर्षं तिच्या चुका काढल्या. त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी ‘ठीक आहे’ ही होती आणि ती तिला आजवर दोनदा मिळाली होती. त्यातली एक चहाला होती.

सासऱ्यांच्या नजरेचा मधला भाग पुसला गेला होता, कडेचं थोडं दिसायचं. त्यामुळे समोरच्याशी बोलताना ते मान वळवून भिंतीकडे बघत आणि नव्या गिऱ्हाइकाला वाटे, काय शिष्ट माणूस आहे. कान मात्र शाबूत होते. घड्याळ कानाशी धरलं की आत काय दुखतंय ते सांगायचे. सून उघडून बघायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. खरं निघालं नाही तर तो दिवस दोघांनाही जड जायचा.

एका सोमवारी सकाळी एक म्हातारी बाई दुकानात आली. ताठ, बारीक, पांढरे केस घट्ट बांधलेले, पायात फितीचे बूट. तिने रुमालाची घडी काउंटरवर उलगडली. आत स्टीलचं एक जुनं मनगटी घड्याळ होतं. तबकडी पिवळी पडलेली, सेकंदाचा काटा लांब आणि लाल. दोन वर्षांपासून बंद आहे, ती म्हणाली. सून म्हणाली, “बघते आजी.”

“आजी मी घरी आहे,” बाई म्हणाली. “बाहेर सगळे सिस्टर म्हणतात.”

ती चाळीस वर्षं नर्स होती. आता वय चौऱ्याऐंशी. हृदयाचे ठोके मध्येच चुकत होते म्हणून डॉक्टरांनी तिला बोटाला लावायचं यंत्र दिलं होतं, पण त्यावर तिचा विश्वास नव्हता. यंत्र आकडा सांगतं, तिने सुनेला समजावलं, पण नाडी भरलेली आहे की पोकळ, घाईत आहे की दमलेली, ते सांगत नाही. त्यासाठी एका हाताची तीन बोटं लागतात आणि समोर सेकंदाचा काटा लागतो. बोटं अजून आहेत, काटा तेवढा चालू करून दे.

सुनेने मंगळवारी घड्याळ उघडलं. मागचं झाकण फिरवून काढलं आणि आधी त्याची आतली बाजू भिंगाखाली धरली. जुन्या घड्याळाच्या झाकणात प्रत्येक दुरुस्ती करणारा सुईने बारीकशी खूण कोरून ठेवतो, तारीख नाहीतर एखादं अक्षर. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं ते फक्त त्याच धंद्यातल्या माणसाला वाचता येतं. इथे तीन खुणा होत्या. पहिली खूप जुनी तारीख. दुसरी नुसता आकडा, सत्तेचाळीस, ना वर्ष ना अक्षर, पण इतका सुबक की छापल्यासारखा. तिसऱ्या खुणेवर नजर गेली आणि तिला हसू आलं. तो एक त्रिकोण होता, पोटात टिंब, बाजूला तेहतीस वर्षांपूर्वीचं साल. असे त्रिकोण तिने या टेबलावर शेकडो बघितले होते.

“बाबा, हे तुम्ही उघडलेलं आहे.”

“मग आत सगळं जागच्या जागी असेल,” सासरे भिंतीकडे बघत म्हणाले.

जागच्या जागी होतंच. तेल मात्र सुकून मेणासारखं झालं होतं आणि मुख्य स्प्रिंग तुटली होती. सुनेने एकेक भाग सुटा करून पांढऱ्या कागदावर मांडला. शेवटी बॅलन्स हातात घेतला. घड्याळातली बाकीची चाकं गोल फिरतात. हे एकच चाक झोपाळ्यासारखं इकडून तिकडे झुलतं आणि घड्याळाची टिकटिक याच्यापासून निघते. ते ज्या आसावर झुलतं तो आस तांदळाच्या दाण्याहून छोटा असतो. त्याची दोन्ही टोकं डोक्याच्या केसाएवढी बारीक असतात आणि ती माणकाच्या खड्याला पाडलेल्या भोकात टेकतात. घड्याळ हातातून पडलं की पहिलं मोडतं ते हे टोक. म्हणून सून ते नेहमी सूक्ष्मदर्शकाखाली घालून तपासायची. तिने घातलं आणि बराच वेळ चिमटा तसाच धरून बसली.

आसाचं पोलाद निळसर होतं. त्याच्या कमरेवर आडव्या रेघा होत्या, आणि त्या सारख्या अंतरावर नव्हत्या. कारखान्यातल्या यंत्रावर उतरलेल्या आसावर अशा रेघा येत नाहीत. या रेघा कोणीतरी हातात हत्यार धरून, श्वास रोखून, एकामागून एक काढल्या होत्या.

“बाबा, हा आस कंपनीचा नाही. हाताने केलाय कोणीतरी.”

“जुगाड असेल. काढून टाक, डब्यात नवा आहे.” मग ते म्हणाले, “माझ्यानंतर कोणीतरी हात मारलेला दिसतोय.”

“तुमच्यानंतर कोणी उघडलेलं नाही. शेवटची खूण तुमचीच आहे.”

सासऱ्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. टोकं कशी आहेत, त्यांनी विचारलं. टोकांवर एक रेघ नाही, आरशासारखी आहेत, ती म्हणाली. झिजली असतील. नाहीत. खड्डा? नाही. मग त्यांनी मोजायला सांगितलं. सुनेने जाडी मोजायच्या मापकाच्या दातांत वरचं टोक हलकेच धरलं. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले नऊ. खालचंही नऊ. डब्यातला नवा, कारखान्याचा आस मोजला. तोही नऊ आणि नऊ.

“परत मोज,” सासरे म्हणाले.

तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं. मग नवा आस डब्यात ठेवून डबा बंद केला. काही ठरवून केलं नव्हतं, हातानेच केलं.

पुढचे दोन दिवस तिने घड्याळ धुतलं, नवी स्प्रिंग बसवली, खड्यांना टाचणीच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब दिला आणि तोच निळसर आस घातलेला बॅलन्स परत जागेवर उतरवला. किल्लीला चार पिळे दिले. काहीही हलवावं लागलं नाही. चाक एकदा थरथरलं आणि झुलायला लागलं, झोपलेलं मूल उठून बसावं तसं. वेळ तपासायच्या यंत्रावर ठेवलं तर पडद्यावर ठिपक्यांची रांग उमटत गेली, सरळ, फूटपट्टीने आखल्यासारखी. घड्याळ पालथं केलं, उभं केलं, आडवं केलं. रांग जराशी कलली, वाकली मात्र कुठेच नाही. दिवसाला सहा सेकंद पुढे. त्याच आठवड्यात तिने दुरुस्त केलेलं एक महागडं घड्याळ सतरा सेकंद पुढे जात होतं.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते कानाशी नेलं आणि डोळे मिटले. बाहेर कोणीतरी शटर ओढत होतं, शेजारच्या दुकानात फोन वाजत होता. पाच-सात मिनिटं गेली. त्यांचे ओठ हलत होते. सुनेला आधी वाटलं ते पुटपुटतायत, मग लक्षात आलं, हिशेब चाललाय.

“सेकंदाला पाच ठोके,” ते शेवटी म्हणाले. “वर्षाला पंधरा कोटींच्या वर. हा आस त्याआधी किती वर्षं चालला असेल देव जाणे, पण मी उघडल्यापासूनचे धरले तरी पाचशे कोटींच्या घरात जातात.” त्यांनी घड्याळ खाली घेतलं, पण हातातून सोडलं नाही. “मी हा चाकासकट बाहेर काढला असेन. धुतला असेन. भिंगाखाली धरला असेन. तेव्हा माझे डोळे होते गं. आणि मला दिसलं नाही.”

सुनेने सांगून पाहिलं की बिघाड नव्हता, म्हणून लक्ष गेलं नसेल.

“तेच तर. आपण बिघाडच बघायला शिकलो. चांगलं असलं की हात पुढे जातो.”

त्या दिवशी ते एका गिऱ्हाइकाला दोनदा चुकीचं घड्याळ देणार होते. संध्याकाळी सुनेने सिस्टरना फोन केला. घड्याळ तयार आहे म्हणाली, आणि मग धीर करून विचारलं, यात पूर्वी कोणी काही केलं होतं का, सत्तेचाळीस म्हणजे काय.

“उद्या येते,” सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, स्टुलावर पाठ न टेकता बसल्या आणि सांगायला लागल्या. सत्तेचाळीस हा खाटेचा नंबर होता.

बासष्ट वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, त्यांची पहिली नेमणूक झाली ती क्षयाच्या इस्पितळात. गावापासून लांब, उंचावर, लांबच लांब व्हरांडे आणि व्हरांड्यात ओळीने खाटा. नोकरी लागली म्हणून थोरल्या भावाने हे घड्याळ जुन्या बाजारातून आणून दिलं होतं. तिसऱ्या महिन्यात एका रोग्याला उठवून बसवताना पट्टा सुटला आणि घड्याळ फरशीवर पडलं. त्या काळात नर्सचं घड्याळ बंद म्हणजे सैनिकाची बंदूक बंद. जवळचा घड्याळजी एक दिवसाच्या वाटेवर. घड्याळ त्याच्याकडे पाठवलं, ते तसंच परत आलं आणि सोबत निरोप, हा भाग मिळत नाही.

सत्तेचाळीस नंबरच्या खाटेवरच्या माणसाने ते घड्याळ बघायला मागितलं. तो प्रयोगशाळेतले नाजूक तराजू दुरुस्त करायचा, कागदावर सही केली तर शाईचं वजन दाखवणारे. त्याला पूर्ण विश्रांती सांगितलेली होती, इतकी पूर्ण की वाचायलाही मनाई. त्याने चष्म्याची काच भिंगासारखी धरून आत बघितलं आणि म्हणाला, टोक मोडलंय, मला एक दाभण आणून द्या.

“गाद्या शिवायची दाभण. मला वाटलं ताप चढलाय,” सिस्टर म्हणाल्या. “आणून दिली. नाही म्हणायला हवं होतं.”

मग हळूहळू बाकीचं जमत गेलं. छत्रीची एक काडी वाकवून तिला टाके घालायचा रेशमी दोरा बांधला, झालं धनुष्य. लाकडाच्या ठोकळ्यावर पितळेची दोन टोकं ठोकली. त्यांच्यामध्ये दाभणीचा तुकडा धरून तो दोऱ्याचा वेढा देऊन पुढे-मागे फिरवायचा. हत्यार म्हणजे फरशीवर घासून धार लावलेली जुनी कानस. थुंकी तपासायच्या खोलीतला मदतनीस जेवायला गेला की सिस्टर सत्तेचाळीस नंबरला पंधरा मिनिटं सूक्ष्मदर्शकाशी बसवायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. तिथल्याच स्पिरिटच्या दिव्यावर त्याने पोलाद तापवून निळं केलं. चकाकी आणली दात घासायच्या पावडरीने. मोजायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. मोडक्या आसाचं जे एक टोक शाबूत होतं ते बघायचं, आणि माणकाचा खडा. टोक खड्याच्या भोकात जातं का बघायचं. नाही गेलं तर परत घासायचं. जास्त घासलं गेलं की पहिल्यापासून.

“किती मोडले?” सासऱ्यांनी विचारलं. इतका वेळ ते मान वळवून बसले होते.

“चौदा. पंधरावा हा. खोकला आला की त्याचा हात हलायचा. म्हणून दोन खोकल्यांच्या मधल्या वेळात काम करायचा. त्याला कळायचं, आता किती वेळ आहे ते.”

पाचव्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी पकडलं. सिस्टरना वाटलं, नोकरी गेली. डॉक्टरांनी तो आस उचलला, आपल्या खोलीत नेला, सूक्ष्मदर्शकाखाली घातला. बराच वेळ खोलीचं दार बंद होतं. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस नंबरच्या कागदावर औषधांच्या खाली नवी ओळ होती: हाताचं काम, रोज दोन तास.

घड्याळ सुरू झालं तेव्हा त्याने आधी स्वतःचा हात पुढे केला आणि नाडी मोजायला सांगितली. सिस्टरनी पूर्ण मिनिट मोजली. एकशे चार भरली. घड्याळच मागे पडत असणार, तो म्हणाला. ते सांगताना सिस्टर हसल्या आणि मग रुमालाची घडी नीट करत राहिल्या.

तो बरा झाला का, सुनेने विचारलं. झाला, त्या म्हणाल्या. दीड वर्षांनी स्वतःच्या पायांनी चालत फाटकातून बाहेर गेला. रोग्याचा पत्ता घ्यायचा नाही असा नियम होता, आणि त्या तेव्हा नियमाने वागणाऱ्या होत्या, घड्याळ सोडून.

सून उठली. तिने घड्याळ पुन्हा उघडलं, बॅलन्स अलगद बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली उलटा ठेवला, दिवा नीट केला आणि सिस्टरना स्टूल पुढे घ्यायला सांगितलं. सिस्टरनी कधीच बघितलं नव्हतं. त्यांनी पाच आठवडे दारात पहारा केला होता, साठ वर्षं ते घड्याळ मनगटावर वागवलं होतं, पण आत काय आहे हे त्यांना दिसलेलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, काहीतरी छोटा खिळा असेल.

त्या वाकल्या. काचेत त्यांना एक खांब दिसला, निळसर, खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, आणि टोकाला इतकं लख्ख की दिव्याचं छोटं प्रतिबिंब त्यात उभं होतं. खांबाच्या कमरेवर त्या रेघा. सुनेने हलक्या आवाजात सांगितलं की या त्याच्या हाताच्या रेघा आहेत, एकेक रेघ म्हणजे धनुष्याचा एकेक फेरा. सिस्टरनी मान हलवली. त्या रेघा मोजत होत्या. एका जागी दोन रेघांमध्ये जास्त अंतर होतं, तिथे त्या थांबल्या.

“इथे खोकला आला असेल,” त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी खुर्चीत सावरून बसत दोन्ही हात मांडीवर ठेवले, मोठ्या माणसासमोर बसतात तसे. सुनेने रोज अशी टोकं हाताळली होती, मोडलेली फेकली होती, डब्यातली नवी बसवली होती. त्यामागे कोणाचा श्वास असू शकतो हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

बॅलन्स परत बसवल्यावर सुनेने झाकणात स्वतःची खूण कोरायला सुई घेतली. सत्तेचाळीसच्या शेजारी जागा होती, पण तिथे कोरायला तिचा हात धजेना. तिने अगदी कडेला एक टिंब दिलं आणि झाकण लावलं. सिस्टरनी घड्याळ मनगटावर बांधलं, आभार मानले आणि निघाल्या. त्या पायरी उतरत असताना सासरे उठून दारापर्यंत गेले. गिऱ्हाइकाला पोचवायला ते कधी उठत नसत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सुनेला माळ्यावरची एक लाकडी पेटी काढायला लावली. आत जुन्या पद्धतीचं, धनुष्याने फिरवायचं हत्यार होतं, गंजलेलं. तरुणपणी एकदा हौसेने त्यांनीही आस करून बघितला होता, त्यांनी सांगितलं. तो एक महिना चालला. मग बाजारात तयार मिळायला लागले आणि त्यांनी पेटी वर टाकली, ती पुन्हा कोणाला दाखवली नाही.

सूनबाई शिकायला लागली. सासरे तिच्या हातावर हात ठेवून धनुष्याचा वेग सांगायचे, पोलाद कापलं जातंय की नुसतं घासलं जातंय ते आवाजावरून ओळखायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तासभर तेच. पाच महिन्यांत बावीस सुया वाया गेल्या. तेविसाव्या सुईचा आस तयार झाला, तो एका भंगारातल्या घड्याळात बसला आणि घड्याळ चाललं. अकरा तास चाललं आणि मग थांबलं. तिने टोकं मोजली. एक अकरा शतांश होतं, एक तेरा. तिच्याजवळ मापक होता, सूक्ष्मदर्शक होता, विजेचा दिवा होता, आणि तिची छाती ठणठणीत होती.

त्याच दिवशी मुलगा ट्रक घेऊन परतला होता. टेबलावरच्या मोडक्या सुयांचा ढीग बघून त्याने विचारलं, हे आस बाजारात मिळत नाहीत का आता.

“मिळतात की. डबाभर आहेत,” सासरे म्हणाले.

“मग हे कशाला?”

“आपण कुठवर आलोय ते बघतोय,” सासरे म्हणाले. “अजून दोन शतांश लांब आहोत. एका बाजूला चार.”

मुलाला यातलं काही कळलं नाही. सुनेने दिवा जवळ ओढला आणि नवी सुई काढली.